दहावीचे टक्के आणि अकरावीची यादी : पार्श्वभूमी

शेजारच्या घरात जेवणाच्या टेबलावर दोन गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. एक थोरल्या मुलीची, मार्च २०१९ची: ८३.४० टक्के. दुसरी धाकट्याची, मार्च २०२०ची: ९०.२०. त्या दिवसापासून "धाकटा जास्त हुशार निघाला" हे वाक्य त्या घरात राहायला आलं. मुलगी तेव्हा बारावीला होती. तिने ते ऐकलं आणि गुणपत्रिका फाइलमध्ये परत ठेवली.

मराठीचा रकाना पाहिला तर तिला ७८ आणि त्याला ८२. तिचे ७८ हे शंभर गुणांच्या लेखी पेपरातले. त्याच्या ८२ मधले १९ शाळेने तोंडी परीक्षेत दिलेले, म्हणजे लेखीत ८० पैकी ६३. टक्केवारीत मांडलं तर दोघांनी जवळजवळ सारखाच पेपर लिहिला होता. शिवाय त्याचा भूगोलाचा पेपर झालाच नव्हता. टाळेबंदीमुळे तो रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले.

दहावीचे टक्के हे मुलाचे असतात, तितकेच ते त्या वर्षीच्या नियमांचेही असतात. दहावी-अकरावीच्या उंबरठ्यावर मुलाच्या पाठीशी उभं राहायचं तर पालकांना हे नियम कुठून आले ते माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

फार मागे जायचं तर सुरुवात १८५९ मध्ये होते. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक त्या वर्षी झाली. ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती, शाळा संपल्याचा दाखला नव्हता. पुढे 'मॅट्रिक पास' हीच नोकरीची पात्रता बनली आणि परीक्षेचा मूळ हेतू मागे पडला. स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा स्वतंत्र मंडळाकडे आली. आजी-आजोबा ज्या 'जुन्या अकरावी'बद्दल बोलतात, ती शाळेतली शेवटची इयत्ता होती. कोठारी आयोगाने सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली. त्या तुकडीची बारावी १९७७ मध्ये आली.

या बदलातून एक शब्द जन्माला आला, कनिष्ठ महाविद्यालय. अकरावी-बारावी हा मुळात शालेय शिक्षणाचाच भाग, पण आपल्याकडे हे वर्ग काही ठिकाणी पदवी महाविद्यालयांना जोडले गेले, काही ठिकाणी माध्यमिक शाळांना, तर काही ठिकाणी स्वतंत्रच निघाले. शाळेला जोडलेले ते उच्च माध्यमिक आणि महाविद्यालयाला जोडलेले ते ज्युनिअर कॉलेज, अशी बोलण्यातली विभागणी रूढ झाली. अभ्यासक्रम तोच, मंडळ तेच, परीक्षा तीच, तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने एक 'कॉलेज' आणि दुसरी 'पुन्हा शाळा'. घराजवळच्या चांगल्या उच्च माध्यमिक शाळेत जागा असताना मूल रोज दोन लोकल बदलून लांबच्या नामांकित कॉलेजात जायचा हट्ट धरतं, त्याचं मूळ या नावात आहे. मोठ्या कॉलेजच्या नावाचं वलय त्याच्या पदवी शाखेतून येतं आणि अकरावीच्या वर्गांना ते आपोआप चिकटतं.

आता त्या प्रकरणाकडे येतो, ज्याच्या सावलीत आजही प्रत्येक प्रवेशयादी लागते. राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई या तीन ठिकाणांहून येणारी मुलं एकाच रांगेत कशी उभी करायची? १९९०च्या दशकापर्यंत हा प्रश्न मुंबई-पुण्यातल्या मोजक्या कॉलेजांपुरता होता. इतर मंडळांच्या शाळा वाढल्या, त्यांच्या मुलांचे टक्के चढे दिसू लागले आणि राज्य मंडळाच्या पालकांत अन्यायाची भावना घट्ट झाली. २००८ मध्ये सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं. वरच्या क्रमांकांच्या मुलांच्या गुणांशी प्रमाण काढून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं, अशी त्यामागची कल्पना होती. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. २००९ मध्ये नव्वद-दहाचा निर्णय आला, म्हणजे ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना. तोही न्यायालयात टिकला नाही. मुंबई महानगर क्षेत्रात ऑनलाइन प्रवेश सुरू झाले तेही त्याच वर्षी. त्यामुळे त्या पावसाळ्यात मुलं एकीकडे नवी संगणकीय पद्धत शिकत होती आणि दुसरीकडे कोर्टाच्या तारखा मोजत होती.

मग आलं बेस्ट फाइव्ह. फेब्रुवारी २०१० मध्ये निर्णय झाला की राज्य मंडळाच्या मुलांचे सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्के काढायचे. जूनमध्ये उच्च न्यायालयाने निर्णय रद्द केला, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. आक्षेप प्रामुख्याने आयसीएसईच्या पालकांचा होता. आपल्या मुलांचे जास्त विषय मोजले जाणार आणि शेजारच्या रांगेतल्या मुलाचा सर्वांत कच्चा विषय गळणार, हे त्यांना मान्य नव्हतं. राज्य मंडळाच्या बाजूचा युक्तिवाद असा, की इथल्या मुलाला तीन भाषा सक्तीच्या आहेत आणि तिसऱ्या भाषेतल्या गुणांमुळे त्याची विज्ञानाची जागा का जावी? मला हा युक्तिवाद आजही पटतो. एखाद्या मुलाला हिंदीत ५८ पडले म्हणून त्याच्या गणितातल्या ९४ ची किंमत कमी होत नाही.

मात्र त्या वर्षीच्या घराघरांतलं दृश्य विसरण्यासारखं नाही. आई कॅल्क्युलेटर घेऊन बसायची आणि कागदावर दोन बेरजा करायची, एक सहा विषयांची, एक पाचांची. जूनच्या बातमीनंतर एक बेरीज खोडली गेली आणि जुलैच्या बातमीनंतर तीच पुन्हा गोल करून ठेवली. जूनपासून गॅलरीत उभ्या असलेल्या मुलाला आपल्याला किती टक्के आहेत हेच सांगता येत नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक नेमकं तेच विचारत होता.

बेस्ट फाइव्ह टिकलं. आज गुणपत्रिकेवर टक्के छापले जातात ते ५०० पैकीच. त्यात चित्रकला, क्रीडा, शास्त्रीय आणि लोककला यांचे सवलतीचे गुण मिळाले की बेरीज पूर्ण पाचशेवर जाऊ शकते. शंभर टक्क्यांच्या मुलांचे फोटो दरवर्षी पेपरात येतात, त्यामागे त्यांची मेहनत आहेच, पण हे गणितही आहे. ज्या आजोबांच्या काळात ७० टक्क्यांना पेढे वाटले जात, त्यांनी नातवाच्या ८८ वर खूश व्हावं की हळहळावं हे ठरवण्याआधी ते ८८ कशातून निघाले ते बघावं.

दुसरा वाद वीस गुणांचा. भाषा आणि समाजशास्त्रांत ८० गुणांची लेखी आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन अशी पद्धत काही वर्षं रुळली होती. बहुतेक शाळा १८-१९ गुण सढळ हाताने देत. उत्तीर्ण व्हायला शंभरात ३५ लागत, म्हणजे लेखीत ८० पैकी १६-१७ मिळवलेलं मूल सुटायचं. हे बंद व्हावं असं म्हणणाऱ्या शिक्षकांचं म्हणणं खरं होतं. २०१८-१९ या वर्षी भाषा आणि समाजशास्त्रांतले हे वीस गुण काढले गेले, गणित-विज्ञानातले राहिले. पण तेच वर्ष दहावीच्या नव्या पाठ्यपुस्तकांचं होतं आणि नव्या कृतिपत्रिकांचंही, म्हणजे पाठांतरापेक्षा समज तपासणाऱ्या प्रश्नपत्रिकांचंही. तीन बदल एकाच तुकडीच्या डोक्यावर आले. निकाल २०१८च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला.

आणि नेमकी हीच मुलं अकरावीच्या रांगेत अशा मुलांशेजारी उभी राहिली, ज्यांच्या मंडळांनी अंतर्गत गुण कायम ठेवले होते. पालक रस्त्यावर उतरले. इतर मंडळांचे अंतर्गत गुण धरूच नका अशी मागणी झाली, शहरांतल्या कॉलेजांत जागा वाढवून दिल्या गेल्या, समिती नेमली गेली. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून वीस गुण परत आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात मुलांची बुद्धी अठरा टक्क्यांनी वाढली नव्हती. निर्णय तत्त्वतः बरोबर होता, पण एका मंडळाने एकट्याने आणि एका तुकडीच्या जिवावर तो करायला नको होता. २०१९च्या मुलांच्या गुणपत्रिकांवर याची कुठेही नोंद नाही. नोकरीच्या अर्जात दहावीचे टक्के विचारले जातात तेव्हा ते तसेच जातात, उघडे.

धाकट्याच्या नव्वद टक्क्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. पहिली यादी लागली, त्यात त्याला हवं ते कॉलेज मिळालं नाही. दुसऱ्या यादीची वाट बघत असताना सप्टेंबर २०२० मध्ये मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची अंतरिम स्थगिती आली आणि अकरावीची प्रक्रिया थांबली. नोव्हेंबर संपत आला तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. दहावी संपून आठ महिने तो मुलगा घरात मोबाइलवर क्लासचे व्हिडिओ बघत होता आणि आपण अकरावीत आहोत की नाही हे त्याला माहीत नव्हतं. 'हुशार' ठरलेल्याचा त्या आठ महिन्यांत आत्मविश्वास किती खचला, हे बहिणीनेच आधी ओळखलं.

२०२१ला परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत परीक्षांचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे गुण धरून निकाल लागला, ९९.९५ टक्के. त्यावर उतारा म्हणून राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर अकरावीची ऐच्छिक सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तीन मंडळं, एक रांग, हा जुनाच प्रश्न चौथ्यांदा तिथेच पोहोचला.

इंग्लंडमधल्या मराठी घरांत सोळाव्या वर्षी असाच टप्पा येतो. तिथे जीसीएसई या शालान्त परीक्षेनंतर सिक्स्थ फॉर्म, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखी दोन वर्षं. पण तिथली शाळा सहसा असं पाहते, की जो विषय मूल पुढे घेणार आहे त्यात त्याला किती श्रेणी आहे. आपल्याकडे विज्ञान शाखेची जागाही एकूण टक्क्यांवर ठरते. मूल काय शिकणार आहे याचा आणि यादीचा थेट संबंध नसतो, आणि मला वाटतं घरातली निम्मी भांडणं इथे सुरू होतात.

शाखेच्या बाबतीत जुना इतिहास थोडक्यात पुरे. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली आणि सायन्स घेणं हा मध्यमवर्गीय घरांचा सरळ रस्ता झाला. पुढे सीईटी आली, मग नीट आणि जेईई. बारावीच्या गुणांचं वजन उतरत गेलं आणि अकरावीच्या वर्गांची हजेरीही. क्लास आणि कॉलेज यांच्या संगनमताने 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार फोफावला: प्रवेश एका कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये. २०१८ मध्ये काही विभागांतल्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची झाली, त्याचं कारण हेच. ज्या घराने वर्षभर धडपड करून नामांकित कॉलेज मिळवलं, त्याच घराने मुलाला तिथे पाठवलंच नाही, असं मी अनेकदा पाहिलं आहे. मुलाची आवड कळावी म्हणून २०१६ पासून काही वर्षं दहावीत कल चाचणी घेतली जायची. चांगली कल्पना होती. पण तिचा अहवाल हातात यायचा तोवर बहुतेक घरांत क्लासची फी भरून झालेली असायची.

मे २०२५ पासून अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली. त्याआधी ती मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरांपुरती होती. तालुक्याच्या गावी मूल दाखला आणि गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या खिडकीशी जायचं, समोरचा कारकून बऱ्याचदा ओळखीचा असायचा आणि त्याच दिवशी पावती मिळायची. आता अर्जाचा भाग एक, भाग दोन, पसंतीक्रम, फेरी हे शब्द तिथेही पोहोचले. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोसळलं आणि काही दिवसांनी प्रक्रिया नव्याने सुरू करावी लागली. पसंतीक्रम एक ते दहा. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं.

या नियमामुळे पहिल्या ओळीत कोणतं नाव लिहायचं हा घरातला सर्वांत मोठा प्रश्न झाला आहे. यंदा त्या शेजारच्या घरी मावशीचा मुलगा अर्ज भरायला आला होता. लॅपटॉप थोरल्या मुलीपुढे होता. तिने त्याला टक्के विचारले नाहीत. रोज घरून निघून किती वाजता पोहोचशील, प्रयोगशाळा बघून आलास का आणि गणित खरंच हवंय का, एवढंच विचारलं. मग घरापासून सायकलवर जाता येईल अशा उच्च माध्यमिक शाळेचा कोड पहिल्या ओळीत टाकला.