टू पॉइंट फोर की फाइव्ह पॉइंट एट? आधी ऐकतंय कोण ते बघा

"लांब जायचं तर टू पॉइंट फोर, व्हिडिओ स्वच्छ हवा तर फाइव्ह पॉइंट एट." कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला की हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच. ड्रोन आणि त्याचा रिमोट ज्या रेडिओ पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, एकमेकांशी बोलतात त्यांची ही नावं. म्हापशाच्या लग्नाच्या फोटोग्राफरपासून कळंगुटला रील काढायला आलेल्या पोरांपर्यंत सगळे ते पुढे सरकवतात आणि चित्र अडकलं की बँडच्या नावाने खडे फोडतात. वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर ते मरत नाही.

दोन्ही बँड घरच्या राउटरमुळे ओळखीचे आहेत, तेव्हा प्राथमिक गोष्टी भराभर. 2.4 म्हणजे 2.400 ते 2.4835 गिगाहर्ट्‌झ. ड्रोनचा 5.8 म्हणजे 5.725 ते 5.850. पहिल्याची लहर साडेबारा सेंटिमीटरची, दुसऱ्याची जेमतेम पाच. भिंती आणि झाडं 5.8ला जास्त नडतात. मोबाइलच्या फाइव्ह जीशी याचं काही नातं नाही. आणि "5.8 भारतात बेकायदेशीर" असं अजूनही छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ऑक्टोबर 2018ची अधिसूचना वाचावी. 5.725 ते 5.875 हा पट्टा तेव्हाच परवान्यातून मोकळा झाला. बँड मोकळा म्हणजे आकाश मोकळं असं मात्र नव्हे. डाबोळीला नौदलाचा तळ आहे, पेडण्यात मोपाचा विमानतळ आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा न उघडता ड्रोन वर पाठवणाऱ्यांशी मी बँडची चर्चा करतच नाही.

गोव्यातला खास गैरसमज म्हणजे दमट हवा. "इथल्या दमट हवेत 5.8 टिकत नाही." पाण्याच्या वाफेचं शोषण वाढतं ते 22 गिगाहर्ट्‌झच्या आसपास, आपण त्याच्या कितीतरी खाली आहोत. ताशी 50 मिलिमीटरचा पाऊस कोसळत असला तरी 5.8चा एका किलोमीटरला अर्धा डेसिबलही (सिग्नलची घट-वाढ मोजायचं एकक) जात नाही. तशा पावसात ड्रोनच आधी जाईल. ओली पानं ही वेगळी गोष्ट, तिच्याकडे येतोच.

रेंजचंही तसंच. 5.8 हवेत दमतं असं लोक समजतात. मोकळ्या हवेत दोन्ही लहरी सारख्याच पसरतात. 5.8ची लहर लहान, म्हणून त्याच जातीचा अँटेना लहान, आणि लहान अँटेना कमी ऊर्जा गोळा करतो. फरक साडेसात डेसिबलच्या जरा वर भरतो. बाकी सगळं सारखं असेल तर 2.4 जवळजवळ अडीचपट लांब जातं. बाकी सगळं नेहमी सारखं नसतं: युरोपच्या नियमांवर चालणाऱ्या मॅविक एअर 2 या ड्रोनमध्ये 2.4ला 20 डीबीएमची (सिग्नल किती जोरात सोडायचा त्याचं माप) मुभा आहे आणि 5.8ला फक्त 14ची, तर अमेरिकेच्या नियमांत दोन्हीला 26. म्हणून अमेरिकन यूट्यूबरची रेंज टेस्ट पाहून इथे वाद घालू नये. शिवाय ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा आहे. तेवढ्या अंतरात दोन्ही बँड पुरून उरतात, तरीही लिंक तुटते. का?

कारण सिग्नल किती जोरात पोचला याला एकट्याला अर्थ नाही. जिथे तो ऐकला जातो तिथल्या गोंगाटाच्या वर तो किती आहे, हे महत्त्वाचं. आणि ऐकणारे दोन आहेत. तुमचा हुकूम ऐकतो ड्रोन. ड्रोनचं चित्र ऐकतो तुमच्या हातातला रिमोट. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, म्हणून दोघांच्या कानावर पडणारा गोंगाटही वेगळा.

माडावर चढलेला पाडेली, म्हणजे नारळ काढणारा, आठवा. खाली वाड्यात शांत आहे, त्याची हाक तुम्हाला स्पष्ट येते. पण वर त्याला देवळाचा स्पीकर, हमरस्त्याचे ट्रक, शेजारच्या वाड्यातली भजनाची तालीम, सगळं एकदम ऐकू येतं, आणि तुमचं "तो नको, पलीकडचा काढ" त्यात बुडून जातं. साठ मीटरवरच्या ड्रोनचं नेमकं हेच होतं. तुम्ही कळंगुटच्या वाळूवर उभे असता तेव्हा मागच्या रांगेतल्या हॉटेलांचे राउटर भिंतींनी, छपरांनी, माणसांनी झाकलेले असतात. ड्रोन वर गेला की तीच खोल्याखोल्यांतली खिडकी-गॅलरी त्याच्यासमोर उघडी. बागा किनाऱ्यापर्यंतचे शॅक, गेस्टहाउसं, पर्यटकांचे हॉटस्पॉट सगळे त्याच्या कानात ओरडतात. त्यातले बरेच 2.4वर, जिथे वाय-फायची एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच आहेत: 1, 6 आणि 11.

म्हणूनच वाळूवर उभं राहून मोबाइलवरच्या वाय-फाय अ‍ॅनलायझरने चॅनल निवडणाऱ्यांचा मला राग येतो. ते तुमच्या कानाची तपासणी करतात, ड्रोनच्या नाही. शिवाय त्या अ‍ॅपला फक्त वाय-फाय दिसतं, दुसरं काहीच नाही.

आता "एक बँड कंट्रोलला, दुसरा व्हिडिओला" या समजाचा उगम कळेल. जुन्या अ‍ॅनालॉग एफपीव्ही ड्रोनमध्ये (डोळ्यांवर गॉगल लावून ड्रोनच्या नजरेने उडवायचे ते) तसंच असायचं: रिमोट 2.4वर, व्हिडिओ 5.8वर. आजच्या घडीच्या बहुतेक कॅमेरा ड्रोनमध्ये हुकूम आणि चित्र एका वेळी एकाच बँडवरून ये-जा करतात. फरक बँडचा नाही, दिशेचा आहे. चित्राला रुंद चॅनल लागतं, ते नाजूक, म्हणून बहुतेक वेळा तेच आधी गोठतं. हुकूम मूठभर डेटाचा, तो बराच चिवट. स्क्रीन थिजली तरी ड्रोन अनेकदा तुमचं ऐकत असतो, तेव्हा रिमोटच्या काड्या वेड्यावाकड्या ओढू नका. उलट प्रकार जास्त फसवा: स्क्रीनवर समुद्र झकास दिसतो आहे आणि रिमोट मात्र कमकुवत सिग्नलचा इशारा देतो आहे. लोक म्हणतात अ‍ॅप बिघडलं. बिघडलं काही नाही, तुमच्याकडे शांत आहे, वर कालवा आहे.

या ठिकाणी 5.8 जिंकतं, आणि ते "व्हिडिओ स्वच्छ" म्हणून नव्हे. काँक्रीटमधून 5 गिगाहर्ट्‌झचा वाय-फाय कमी बाहेर पडतो, त्यामुळे वर पोचणारा कालवा कमी. 2.4चा गोंगाट 5.8पेक्षा आठ डेसिबलने चढला की रेंजमधला सगळा फायदा तिथेच संपला. हंगामातल्या किनाऱ्यावर मी उडवण्याआधीच हाताने 5.8 लावतो. पावसाळ्याआधी शॅक उतरवले की तोच किनारा 2.4वरही चालतो. 5.8 म्हणजे गंगाजळ असंही समजू नका. नव्या राउटरांची 149 ते 165 ही चॅनल त्याच पट्ट्यात येतात, आणि काही गच्च्यांवर इंटरनेट पुढे पाठवणाऱ्या छोट्या डिशही. डिश तुमच्याकडे रोखलेली दिसली तर जागा बदला.

दिवार-चोडणच्या खाजनांत, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतांत, मांडवीच्या बांधावर वगैरे दोन्ही चालतं, बँडची निवड ऑटोवर ठेवा आणि विसरा. ऑटोला नावं ठेवणं ही फॅशन आहे. चांगला ड्रोन दर क्षणी मोजून बँड बदलतो, तुम्ही ते हाताने करू शकणार नाही. रिमोटच्या चपट्या अँटेनांची टोकं ड्रोनकडे रोखणं मात्र थांबवा. टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत कमी असतो, रुंद बाजू ड्रोनकडे हवी. यात होणारं नुकसान दोन बँडांमधल्या फरकापेक्षा मोठं असू शकतं.

उरलं कुळागर, म्हणजे आपली पोफळीची बागायत. फोंडा, सत्तरी, सांगे, कुठलंही. पोफळी, माड, त्यांवर मिरीची वेल, आणि सगळं ओलं. इथे गोंगाट जवळजवळ नाही, अडथळाच अडथळा आहे, आणि इथे 2.4ला पर्याय नाही. तरी बँड बदलून झाडं पारदर्शक होत नाहीत. कडेला मोकळ्यावर येऊन उभे राहा. लिंक तुटण्याची शक्यता धरूनच रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतानाची, उंची आधी लावा. ती उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, आणि कुळागर उतारावर असतं. खाली झऱ्यापाशी उडवला असेल तर वरच्या टप्प्यातल्या माडांचे शेंडे त्या आकड्यात धरायला हवेत.