अपडेट टाकलं आणि मशीन उठलंच नाही

‘काल अपडेट टाकलं आणि आज विंडोज उडाली.’ कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं, आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे त्याचं उत्तरही ठरलेलं. दोष अपडेटच्या माथी बसतो. बऱ्याचदा तो खराही असतो, पण फेब्रुवारी २०१० मध्ये आरोपी भलताच निघाला.

विंडोज अपडेटची सोय १९९८ पासूनची, पण सुरुवातीला ज्याने त्याने आठवण ठेवून ते करायचं. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून टाकला. वार ठरल्याने कंपन्यांच्या आयटी खात्यांची सोय झाली. मात्र अपडेटमध्ये खोट असलीच, तर ती आता जगभर एकदमच दिसू लागली.

९ फेब्रुवारी २०१० हा असाच मंगळवार. त्या दिवशीच्या एमएस१०-०१५ या अपडेटने कर्नलमधली, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातली, तब्बल १७ वर्षं जुनी फट बुजवली. पाठोपाठ विंडोज एक्सपीची अनेक मशीन निळ्या स्क्रीनवर अडकल्याच्या तक्रारी आल्या. रीस्टार्ट करा, पुन्हा निळी स्क्रीन. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतंच चालू होणाऱ्या विंडोजमध्येही तेच. अपडेट थांबवावं लागलं. तपास केला तेव्हा कळलं, की या मशीनमध्ये अल्युरिऑन नावाचा रूटकिट, म्हणजे सिस्टिमच्या आत खोल लपणारा व्हायरससारखा प्रोग्राम, आधीपासूनच ठाण मांडून बसला होता. तो हार्ड डिस्क चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये शिरायचा, आणि कर्नलमधली फंक्शनं कुठे असतात ते पत्ते त्याच्या कोडमध्ये कायमचे कोरलेले होते. अपडेटने कर्नल बदलला, फंक्शनं जागची हलली, आणि हा पठ्ठ्या जुन्याच दारावर जाऊन धडकला. डिस्कचा ड्रायव्हर तर बूटच्या अगदी सुरुवातीला लागतो, सेफ मोडमध्येसुद्धा, म्हणून सुटायला वाट नव्हती. गंमत म्हणजे रूटकिटवाल्यांनी काही दिवसांतच आपला कोड दुरुस्त केला. बंद पडलेलं मशीन त्यांच्याही काय कामाचं! मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये तेच अपडेट पुन्हा दिलं, ते आधी मशीनची झडती घेणारं. काही संशयास्पद दिसलं तर ते बसायचंच नाही.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या फटींवरच्या अपडेटने एएमडी कंपनीचे प्रोसेसर असलेली काही जुनी मशीन बूट होईनात. चिपसेटबद्दल मिळालेली कागदपत्रं आणि प्रत्यक्षातली चिप जुळत नाहीत, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं.

तोवर असा घोळ होण्याची जागाही बदलली होती. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट घरोघरी आलं: सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, डिजिटल सही नसेल तर चालूच द्यायचा नाही. लिनक्सवाल्यांनी त्यासाठी ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला. जुलै २०२० मध्ये ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरमध्ये ‘बूटहोल’ ही फट सापडली आणि घाईने आलेल्या दुरुस्तीने रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सवर चालणारे सर्व्हर ग्रबच्या मेनूपर्यंतही पोचेनात. म्हणजे ‘आमच्याकडे असलं होत नाही’ म्हणायची लिनक्सवाल्यांनाही सोय उरली नाही. शिवाय फट असलेले जुने बूटलोडर चालू नयेत म्हणून रद्द केलेल्या सह्यांची यादी ठेवायला फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, जागा मोजकीच, आणि एकट्या बूटहोलने त्यातला साधारण तिसरा हिस्सा खाल्ला. म्हणून एसबॅट नावाची नवी पद्धत आली: प्रत्येक फाइल वेगळी रद्द करण्याऐवजी, अमुक पिढीच्या आधीचं काहीही चालणार नाही, एवढंच सांगायचं.

१३ ऑगस्ट २०२४ च्या मंगळवारी हाच नियम विंडोज अपडेटमधून आला. ड्युअल बूट, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर तो लागू होणार नाही, असं ठरलं होतं. पण काही मशीनवर शेजारी लिनक्स नांदतंय हे अपडेटला ओळखताच आलं नाही. लोकांनी लिनक्स निवडलं की स्क्रीनवर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ अशी ओळ उमटायची आणि मशीन बंद. विंडोज मात्र ठणठणीत. तात्पुरता उपाय सांगितला गेला तो असा: आधी सिक्युअर बूट बंद करा, लिनक्समध्ये शिरून एसबॅटचा नियम पुसा, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. कायमची दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला.