सतराव्या वर्षीच भरा मतदार नोंदणीचा अर्ज

सोळाव्या वर्षी मताचा अधिकार द्यावा की नाही, यावर वाद घालायला हरकत नाही. ऑस्ट्रियाने तो २००७ मध्ये दिलाही. आपल्याकडे ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानासाठीची वयाची अट २१ वरून १८ वर आणली, ती १९८९ पासून लागू आहे. पण सतरा पूर्ण झाले की नोंदणीचा अर्ज करता येतो, हे कॉलेजच्या बऱ्याच मुलांना ठाऊकच नसतं. वादापेक्षा ते आधी करा.

मतदार यादीत नाव यायला नुसता अठरावा वाढदिवस होऊन चालत नाही, अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला वय मोजतात ती तारीख, यावा लागतो. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती. २ जानेवारीला जन्मलेल्याचं जवळजवळ वर्ष फुकट जाई. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. म्हणजे २ एप्रिलला अठरा पूर्ण झाले तर १ जुलै धरायचा. १७ पूर्ण झाल्यावर केलेला आगाऊ अर्ज त्या-त्या तिमाहीत विचारात घेतला जातो.

अर्ज म्हणजे फॉर्म ६. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा अॅपवर भरता येतो, नाहीतर तुमच्या भागातल्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) कागदी द्या. शुल्क काहीही नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

पासपोर्ट आकाराचा फोटो हवा. जन्मतारखेसाठी जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र चालतं. पत्त्यासाठी आधार, बँकेचं पासबुक, वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार. बिल आईवडिलांच्या नावावर असलं तरी चालतं. प्रतींवर स्वतःची सही करा. घरातल्या कोणाचा मतदार ओळखपत्र क्रमांक हाताशी ठेवा, फॉर्ममध्ये विचारतात. आणि नाव नीट भरा: शाळेच्या कागदांवर आडनाव आधी असतं, इथे आधी स्वतःचं नाव लिहायचं आहे. पुढची निम्मी कटकट इथेच वाचते.

वसतिगृहात राहणाऱ्यांनी गावाकडचा पत्ता द्यावा की पुण्यातला, हे स्वतः ठरवावं. वसतिगृहाचा द्यायचा तर संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पुढे बिऱ्हाड हललं की फॉर्म ८.

संदर्भ क्रमांक जपून ठेवा, त्यावर अर्जाची स्थिती कळते. बीएलओ पडताळणीला घरी येऊ शकतात. ओळखपत्र हातात नसलं तरी यादीत नाव असेल तर आधारसारखा मान्य पुरावा दाखवून मतदान करता येतं; ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, तर मात्र परत यावं लागतं.

महापालिका, जिल्हा परिषदेच्या वेळी आणखी एक गोम असते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी वापरतो, पण एका ठरावीक दिवसाची. गेल्या फेरीत ती १ जुलै २०२५ ची होती. त्यानंतर यादीत आलेल्यांना वॉर्डात मत देता आलं नाही. शंका असेल तर १९५० वर फोन करा.