लायटर, पेडल आणि जिवाणू: पेटंटच्या कसोटीची पार्श्वभूमी

अमेरिकेचे पेटंट कार्यालय दर मंगळवारी नवी पेटंटे जाहीर करते. त्या यादीत वाहनांतील सेन्सर, विजेचे स्विच आणि रोगावर उपचार म्हणून द्यायचे जिवाणू एकाच दिवशी, एकाच कोरड्या भाषेत मांडलेले सापडतात. तांत्रिकदृष्ट्या या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. कायद्याच्या इतिहासात मात्र ती शेजारी आहेत, कारण पेटंट कशाला द्यायचे आणि कशाला नाकारायचे याविषयीचे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णायक निवाडे नेमके एका स्विचवरून, एका सेन्सरवरून आणि दोन वेळा जिवाणूंवरून झाले. सुटे घटक आधीपासून माहीत असतील किंवा निसर्गातच असतील, तर त्यांच्या जुळणीत माणसाने नवे असे काय केले, हा प्रश्न त्या प्रत्येक निवाड्यात होता.

व्हेनिसचा १४७४ चा कायदा आणि इंग्लंडचा १६२४ चा मक्तेदारीविषयक कायदा हे पेटंट पद्धतीचे जुने आधार मानले जातात. दोन्हींचा भर वस्तू त्या राज्यात नवी आहे की नाही, यावर होता. नवी असूनही क्षुल्लक असणाऱ्या वस्तूचे काय करायचे, हा पेच अमेरिकेत १८५१ मध्ये दाराच्या मुठीवरून उभा राहिला. धातूची किंवा लाकडाची मूठ मातीची केली, एवढेच त्या पेटंटमध्ये होते. न्यायालयाने सांगितले की हे कुशल कारागिराचे काम आहे, शोधकाचे नव्हे. कारागीर आणि शोधक यांच्यातली ही रेघ त्या दिवशी आखली गेली खरी, पण ती नेमकी कुठून जाते हे ठरवायला पुढे शंभर वर्षे अपुरी पडली.

१९४१ च्या कुनो खटल्यातील वस्तू म्हणजे मोटारीतला सिगार लायटर. जुन्या लायटरच्या तापणाऱ्या टोकाला वायर जोडलेली असे आणि ती रिळावर गुंडाळलेली असे. पुढे बिनवायरचा लायटर आला. त्यात तापलेली गुंडी खोबणीतून सरळ उपसून घेता येई, मात्र कॉइल पुरेशी लाल झाली की नाही, यावर वापरणाऱ्यालाच लक्ष ठेवावे लागे. मीड या शोधकाने या बिनवायरच्या लायटरला तापमानावर चालणारा स्विच जोडला. असा स्विच सहसा दोन वेगवेगळ्या धातूंच्या चिकटवलेल्या पट्टीचा असतो. उष्णतेने एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि विद्युतमंडल तुटते. मीडच्या लायटरमध्ये गुंडी आत दाबली की वीज सुरू होई आणि कॉइल हवी तेवढी तापली की ती आपोआप बंद होई. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी निकालपत्रात नोंदवले की विजेच्या इतर उपकरणांत असे तापनियंत्रण आधीपासून होते, तेव्हा ते लायटरला लावणे हे धंद्यातले नेहमीचे कौशल्य ठरते. पेटंट हवे असेल तर वस्तूत ‘सर्जक प्रतिभेची चमक’ दिसली पाहिजे, असे त्यांचे शब्द होते.

निकाल कदाचित बरोबरही असेल, पण कसोटी वाईट होती. चमक शोधकाच्या डोक्यात असते आणि परीक्षकापुढे फक्त वस्तू असते. शिवाय दहा वर्षे चिकाटीने प्रयोग करून मिळालेले उत्तर हे झोपेत सुचलेल्या उत्तरापेक्षा कमी दर्जाचे, असा उफराटा अर्थ त्यातून निघत होता. त्या काळात सर्वोच्च न्यायालय इतकी पेटंटे रद्द करत होते की न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी १९४९ मध्ये आपल्या असहमतीच्या मतात खंत व्यक्त केली की या न्यायालयाच्या हाती न लागलेले पेटंट तेवढेच काय ते वैध उरले आहे. अखेर १९५२ च्या कायद्यात कलम १०३ घातले गेले. त्या क्षेत्रातील सर्वसाधारण जाणकाराला जी गोष्ट उघड वाटली असती तिला पेटंट नाही, असे त्यात म्हटले आणि शोध कोणत्या रीतीने लागला यावरून त्याची पात्रता नाकारली जाणार नाही, हेही त्याच कलमात जोडले.

दरम्यान डग्लस यांच्याच लेखणीतून १९४८ मध्ये जिवाणूंविषयीचा निकाल उतरला होता. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतील नायट्रोजन पिकाला उपलब्ध करून देतात. पण त्यांची एक जात एका पिकगटाला चालते, ती दुसऱ्याला चालत नाही, आणि सगळ्या जाती एकत्र केल्या तर त्या एकमेकींना मारक ठरत. त्यामुळे प्रत्येक पिकगटासाठी बियाण्याला लावायचे जिवाणू संवर्धक वेगळे विकावे लागे. बाँड नावाच्या शोधकाने परस्परांना बाधा न आणणारे वाण शोधून काढले आणि त्यांचे एकच मिश्रण तयार केले. फंक ब्रदर्स खटल्यात न्यायालयाने ते पेटंट रद्द केले. या जिवाणूंचा हा गुण निसर्गाचा आहे, मिश्रणात प्रत्येक जात पूर्वी करत होती तेच काम करते आणि डबे कमी झाले ही सोय असली तरी शोध नव्हे, असा युक्तिवाद होता. मला हा निकाल कठोर वाटतो. एकमेकांशी नांदणारे वाण हुडकून काढण्यात कष्टही होते आणि कौशल्यही. परंतु ते कष्ट पद्धतीच्या दाव्यात मांडायचे की जिवाणूंवरच मालकी सांगायची, हा फरक त्या वेळी फारसा कुणी तपासला नाही.

पेटंटमध्ये दाव्यांना फार महत्त्व असते. खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहितात तशी शोधकाची हद्द दाव्यांच्या शब्दांनी ठरते. आनंद मोहन चक्रवर्ती यांचे प्रकरण त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना त्यांनी खनिज तेलातील वेगवेगळे घटक पचवणारे प्लाझ्मिड (जिवाणूतील डीएनएचे सुटे, छोटे वेढे) एकाच स्यूडोमोनास जिवाणूत आणले आणि १९७२ मध्ये अर्ज केला. जिवाणू तयार करण्याच्या पद्धतीवरचा दावा मान्य झाला. पेंढ्यासारख्या पाण्यावर तरंगणाऱ्या पदार्थात ते जिवाणू मिसळून तेलाच्या तवंगावर टाकण्याचा दावाही मान्य झाला. फक्त खुद्द जिवाणूवरचा दावा तो सजीव आणि निसर्गाची निर्मिती आहे म्हणून फेटाळला गेला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला. सजीव की निर्जीव हा प्रश्नच न्यायालयाने गैरलागू ठरवला. निसर्गातील कोणत्याही जिवाणूपेक्षा ठळकपणे वेगळे गुण त्यात आहेत आणि ते माणसाने घडवले आहेत, एवढे पुरेसे मानले. बाँडचे मिश्रण आणि चक्रवर्तींचा जिवाणू यांची तुलना निकालपत्रात मुद्दाम केलेली आहे.

सजीवाच्या पेटंटात आणखी एक व्यावहारिक अडचण असते. स्विचचे चित्र काढून आणि वर्णन लिहून दुसऱ्याला तो बनवता येतो. जिवाणूचे कितीही काटेकोर वर्णन केले तरी वाचणाऱ्याला त्यावरून तो जिवाणू मिळत नाही. म्हणून शोधकाने जिवाणूचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहालयात ठेवायचा आणि त्याचा क्रमांक अर्जात लिहायचा, अशी पद्धत रूढ झाली. १९७७ च्या बुडापेस्ट कराराने एका संग्रहालयातील नमुना सर्व सदस्य देशांत ग्राह्य धरण्याची सोय केली. गोठवून सुकवलेल्या जिवाणूची एक बारीक काचेची कुपी किमान ३० वर्षे जपली जाते. पेटंटच्या दस्तऐवजाचा एक भाग असा अक्षरशः जिवंत असतो.

वाहनांच्या बाजूने पाहिले तर जुन्या भागांच्या नव्या मांडणीचे गाजलेले उदाहरण रॉबर्ट कर्न्स यांच्या थांबून थांबून चालणाऱ्या वायपरचे आहे. १९६४ मध्ये अर्ज केलेल्या त्या मंडलात कपॅसिटर, रोधक आणि ट्रान्झिस्टर हेच प्रमुख भाग होते. कपॅसिटर हळूहळू भारित होई, ठराविक पातळीला ट्रान्झिस्टर स्विचसारखा चालू होई आणि काचेवरून एक फेरा मारून वायपर पुन्हा थांबे. यात नवा भाग एकही नाही, असा बचाव फोर्ड कंपनीने केला. ज्युरीने तो मानला नाही आणि १९९० मध्ये कंपनीने १ कोटी २ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

सेन्सरवरचा निवाडा २००७ चा, केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स. मोटारींत थ्रॉटल (इंजिनाला हवा सोडणारी झडप) उघडण्याचे काम केबलऐवजी संगणक करू लागला, तेव्हा पेडल किती दाबले आहे हे संगणकाला कळवणारा सेन्सर लागू लागला. टेलिफ्लेक्सच्या पेटंटमध्ये चालकाच्या उंचीनुसार पुढेमागे सरकणारे पेडल होते आणि सेन्सर त्याच्या न हलणाऱ्या कीलकाच्या, म्हणजे ज्या खिळीभोवती पेडल फिरते तिच्या, टोकाला बसवलेला होता. न्यायालयाने जुन्या पेटंटांचा धागा उलगडून पाहिला. असानो यांच्या पेटंटमध्ये स्थिर कीलकाचे सरकते पेडल होतेच. रिक्सन यांच्या पेडलमध्ये सेन्सर पायाखालच्या पट्टीजवळ असल्याने प्रत्येक दाबासरशी वायर हलत आणि घासून झिजत. स्मिथ यांच्या पेटंटने हे टाळण्यासाठी सेन्सर न हलणाऱ्या भागावर लावायला सांगितले होते. मग न हलणारा भाग शोधू लागलेल्या अभियंत्याची नजर कीलकावरच जाणार. खालच्या अपील न्यायालयाने दोन भाग जोडण्याची शिकवण, सूचना किंवा प्रेरणा जुन्या साहित्यात असावी, हा निकष फार काटेकोरपणे लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो ताठरपणा दूर केला आणि सर्वसाधारण जाणकारालाही सर्वसाधारण सर्जनशीलता असते, तो यंत्रमानव नसतो, असे सुनावले. कुनो खटल्यातल्या चमकेपेक्षा ही कसोटी पुष्कळ जमिनीवरची आहे, कारण ती कागद, वायर आणि झीज यांवरून तपासता येते.

जिवाणू उपचारांचा इतिहास पेटंटांपेक्षा जुना नसला तरी मोठा आहे. आल्फ्रेड निस्ले यांनी १९१७ मध्ये, आसपास आमांश पसरलेला असताना त्याची लागण न झालेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून उपयुक्त ई. कोलाय वेगळा केला. डेन्व्हरमध्ये बेन आयसमन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये आतड्याच्या गंभीर दाहाच्या ४ रुग्णांना निरोगी माणसाची विष्ठा एनिमातून दिल्याचे नोंदवले. त्या मार्गावरचे पहिले अधिकृत उत्पादन अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाले, तर एप्रिल २०२३ मध्ये क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूचा आतड्यातील संसर्ग पुन्हा उलटू नये म्हणून तोंडावाटे घ्यायच्या कॅप्सूलला मान्यता मिळाली. तिच्यात दात्याच्या विष्ठेतून शुद्ध केलेले जिवाणूंचे बीजाणू असतात.

असे जिवाणू निसर्गातूनच आलेले असल्याने फंक ब्रदर्सचा निकाल इथे पुन्हा आडवा येतो. मानवी जनुकांच्या मिरियाड खटल्यात २०१३ मध्ये न्यायालयाने त्याचाच आधार घेतला आणि २०१४ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने परीक्षकांना निसर्गातील जवळच्या नमुन्याशी तुलना करून ठळक फरक शोधण्याच्या सूचना दिल्या. त्यामुळे आताचे अर्जदार केवळ जिवाणूवर दावा सांगत नाहीत. वाणांचे ठरावीक मिश्रण, सुकवण्याची रीत, आम्लात न विरघळणारे कॅप्सूलचे आवरण, मात्रा आणि कोणत्या रुग्णाला किती दिवस द्यायचे, हे सगळे दाव्यांत येते. युरोपात उपचार पद्धतीला पेटंट मिळत नाही, म्हणून तिथे तोच मजकूर विशिष्ट उपयोगासाठीचे उत्पादन म्हणून लिहिला जातो.