बर्फाचा महिना आणि चित्रेची पौर्णिमा

राज्यक्रांतीनंतरच्या फ्रान्सने ऑक्टोबर १७९३मध्ये जुनी दिनदर्शिका मोडीत काढली. नवे वर्ष शरद संपाताला, म्हणजे २२ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणार होते. १७९२ साली प्रजासत्ताकाचा पहिला दिवस आणि दिवस-रात्र समान असण्याचा दिवस एकच आला होता, हे त्यामागचे कारण. बारा महिने प्रत्येकी तीस दिवसांचे, वर्षाअखेरीस पाच किंवा सहा जादा दिवस आणि आठवड्याच्या जागी दहा दिवसांचा गट, अशी ही मांडणी झिल्बेर रॉम यांच्या समितीने केली होती. घोडे अडले ते नावांपाशी. रॉम यांनी 'बास्तीय', 'न्याय', 'समता' अशी क्रांतीची आठवण देणारी नावे सुचवली होती. परिषदेने, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच विधिमंडळाने, ती बाजूला ठेवली, काही दिवस 'पहिला महिना', 'दुसरा महिना' असे नुसते क्रमांक चालवले, आणि २४ ऑक्टोबरला नट व कवी फाब्र देग्लांतीन यांनी ऋतूंवरून रचलेली नावे मंजूर केली.

ही नावे घडवताना फाब्र यांनी जे केले, ते भाषेच्या दृष्टीने फार विचारपूर्वक होते. प्रत्येक ऋतूच्या तीन महिन्यांना त्यांनी एकच शेवट दिला. शरदातील वांदेमिएर (द्राक्षांची तोडणी), ब्रुमेर (धुके) आणि फ्रिमेर (गोठवणारी थंडी). हिवाळ्यातील निव्होज (बर्फ), प्लुव्हिओज (पाऊस) आणि व्हांतोज (वारा). वसंतातील जेर्मिनाल (अंकुर), फ्लोरेआल (फुले) आणि प्रेरिआल (कुरणे). उन्हाळ्यातील मेसिदोर (कापणी), तेर्मिदोर (उष्मा) आणि फ्रुक्तिदोर (फळे). उन्हाळ्याच्या नावांतला 'दोर' हा देणगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेला आहे. हिवाळ्याची नावे जड आणि लांबट, वसंताची हलकी आणि आखूड, अशी नादाचीही काळजी त्यांनी घेतली होती. नाव कानावर पडताच ऋतू कळावा, हा हेतू होता आणि तो साधला होता.

संतांच्या नावे असलेल्या दिवसांनाही पिकांची, जनावरांची आणि अवजारांची नावे मिळाली. वांदेमिएरचा पहिला दिवस द्राक्षांचा, दुसरा केशराचा. प्रत्येक पाचवा दिवस प्राण्याचा आणि दहावा अवजाराचा. निव्होज महिन्यात शेतात काहीच उगवत नाही, म्हणून त्याचे बरेचसे दिवस जमिनीतल्या वस्तूंना दिले गेले: दगडी कोळसा, गंधक, सोरमीठ, चुनखडी, संगमरवर. आठवा दिवस शेणखताचा होता, विसावा सुपाचा आणि तिसावा चाळणीचा. शेतकऱ्याच्या अंगणातले सूप राष्ट्राच्या दिनदर्शिकेत जाऊन बसावे, ही कल्पना मला आजही मनापासून आवडते.

तरीही या नावांचा पाया डळमळीत होता, आणि त्याचे कारण राजकारणाइतकेच भूगोलात आहे. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे, आणि त्यामुळेच उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. फाब्र यांचे धुके, बर्फ आणि द्राक्षे ही पॅरिसच्या आसपासची होती. फ्रान्सच्याच दक्षिण किनाऱ्यावर बर्फ क्वचित पडतो. हिंदी महासागरातील मॉरिशस आणि रियुनियन ही बेटे तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होती, आणि तिथल्या सरकारी कागदांवरही याच तारखा पडत. निव्होज म्हणजे २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होणारा महिना. त्या दिवसांत या बेटांवर भर उन्हाळा असतो, दमट उकाडा आणि चक्रीवादळांचा काळ असतो. तिथल्या कारकुनाने कागदावर 'बर्फाचा महिना' लिहायचा आणि घाम पुसत पुढचा कागद ओढायचा, असा तो प्रकार झाला असणार.

फाब्र यांना एप्रिल १७९४मध्ये, त्यांनीच 'अंकुरांचा' म्हणून नाव दिलेल्या महिन्यात, गिलोटिनवर चढवण्यात आले. त्यांची दिनदर्शिका सुमारे बारा वर्षे चालली. नेपोलियनने ती १ जानेवारी १८०६ पासून रद्द केली.

ऋतूंवरून महिन्यांची नावे पाडण्याचा हा प्रयोग आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला होता. तैत्तिरीय संहितेत मधु-माधव, शुक्र-शुचि, नभ-नभस्य, इष-ऊर्ज, सह-सहस्य, तप-तपस्य अशी सहा ऋतूंच्या बारा महिन्यांची नावे येतात. फाब्र यांनी शेवट सारखा ठेवून तीन महिने एका ऋतूत गुंफले; इथे नभ आणि नभस्य, तप आणि तपस्य अशा जोड्यांत मूळ शब्द तोच ठेवून दोन महिने गुंफले आहेत. चैत्र, वैशाख ही नावे नंतरची, हे भारतीय ज्योतिषाचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठीतच साधार मांडले आहे. या नव्या नावांनी हवामान सोडून आकाशाचा आधार घेतला: पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो, त्यावरून महिन्याचे नाव. हनुमान जयंतीच्या रात्री गच्चीवर जाऊन पाहिले, तर पूर्ण चंद्राच्या आसपास एक ठळक, पांढरट-निळी चांदणी दिसते, तीच चित्रा. ही खूण कोकणात पटते, चेन्नईत पटते आणि मॉरिशसमध्येही पटते. 'नभ' हा पावसाळी महिना मात्र चेन्नईला पटला नसता, कारण तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो.

आकाशाच्या नावांनाही एक उणीव आहे, फक्त ती अतिशय सावकाश उघड होते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे २५,८०० वर्षे लागतात. त्यामुळे नक्षत्रे आणि ऋतू यांची सांगड साधारण ७१ वर्षांत एक दिवस सरकते. खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते, त्यामागे हेच कारण आहे.

भारत सरकारने २२ मार्च १९५७ रोजी, मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून, राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिचे वर्ष वसंत संपाताला बांधलेले आहे, म्हणजे ऋतूंपासून ते ढळणार नाही. पण महिन्यांची नावे मात्र नक्षत्रांची ठेवली. सध्या ऐन चित्रेजवळची पौर्णिमा १३-१४ एप्रिलच्या सुमारास येऊ शकते, आणि राष्ट्रीय चैत्र २० एप्रिलला संपतो. सरकण्याच्या या वेगाने सुमारे पाचशे वर्षांनी ती पौर्णिमा राष्ट्रीय वैशाखात जाईल आणि चैत्राशी चित्रेचा संबंध उरणार नाही. संपाताला बांधलेल्या महिन्यांना मधु-माधव ही नावेच अधिक शोभली असती, असे माझे मत आहे. लोकांच्या तोंडी असलेली नावे बदलायची नाहीत, हा विचारही मला समजतो.

आज नवी नावे खरोखर लागणार आहेत ती मंगळावर. तिथले वर्ष सुमारे ६६८.६ मंगळदिवसांचे आहे. शास्त्रज्ञ तूर्त महिन्यांना नावे न देता सूर्याभोवतीच्या कक्षेचे तीस-तीस अंशांचे बारा भाग मोजतात, आणि कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्यामुळे हे भाग सुमारे ४६ ते ६७ मंगळदिवसांचे, असे लहानमोठे होतात. थॉमस गँगेल यांनी १९८५मध्ये चोवीस महिन्यांची एक रचना सुचवली आणि नावे राशींवरून घेतली, एक लॅटिन आणि एक संस्कृत: सॅजिटेरियस मग धनु, कॅप्रिकॉर्नस मग मकर, अक्वेरियस मग कुंभ. सुरुवात धनु राशीने होण्याचे कारण असे, की मंगळाच्या उत्तर गोलार्धात वसंत सुरू होतो तेव्हा तिथून पाहता सूर्य धनु राशीच्या उंबरठ्यावर असतो. मंगळाचा अक्षही डुलतो, पण त्याची एक फेरी सुमारे १,७०,००० वर्षांची आहे, त्यामुळे तिथल्या धनु महिन्याची राशीशी सांगड आपल्या चैत्राच्या चित्रेशी असलेल्या सांगडीपेक्षा सहापटींहून अधिक काळ टिकेल.