केटामाईन म्हणजे शॉक नव्हे

अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, डॉक्टरांनी नैराश्यासाठी केटामाईन सुचवलं आणि संध्याकाळपर्यंत नीलमनगरातून आत्याचा फोन आला, "काय गं, अण्णाला शॉक द्यायलेत म्हणं?" तिला दोष कसा देऊ? दोन महिन्यांपूर्वी मलाही फरक सांगता आला नसता.

बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकाला दोन्ही उपचार सारखेच दिसतात. उपाशीपोटी बोलावतात, हाताला सुई लावतात, दंडाला बीपीचा पट्टा बांधतात, दार लागतं. दोन्ही सुचवले जातात तेही बहुतेक एकाच टप्प्यावर: किमान दोन वेगवेगळ्या गोळ्या पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही नैराश्य हटत नाही तेव्हा. त्यात आणखी गुंता असा की केटामाईन हे मुळात भुलीचं औषध. अमेरिकेत 1970 साली त्याला मान्यता मिळाली ती भुलीसाठीच, आणि शॉक देण्याआधी रुग्णाला झोपवायलाही काही वेळा हेच वापरतात.

दाराआड मात्र घडतं ते अगदी वेगळं.

शॉक, म्हणजे ईसीटी. त्यात गुण येतो तो फिटमुळे. आधी भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात, मग डोक्याला काही सेकंद वीज लावून मेंदूत अर्धा-एक मिनिट फिट आणतात. रुग्णाला त्यातलं काही कळत नाही. लोकांच्या मनात बसलेला तो बांधलेला, किंचाळणारा माणूस बिनभुलीच्या काळातला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तसा ईसीटी देण्यावर आपल्याकडे बंदी आहे. आठवड्याला दोन-तीनदा, असे साधारण सहा ते बारा वेळा देतात. खरा त्रास आठवणींचा. त्या आठवड्यांतलं बरंच पुसट होतं, काहींच्या त्याआधीच्याही आठवणी जातात. हे घरच्यांना आधी मोकळेपणानं सांगायलाच हवं.

केटामाईनमध्ये वीज नाही, फिट नाही, पूर्ण झोपही नाही. वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे भुलीच्या डोसपेक्षा बराच कमी, साधारण चाळीस मिनिटांत सलाईनमधून सोडतात. रुग्ण जागा असतो, पण हात-पाय आपले नाहीत, आपण तरंगतोय, वेळ थांबलीय असं त्याला वाटू शकतं. ते तास-दोन तासांत ओसरतं. नेहमीच्या बऱ्याच गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या वाटेनं जातात, हे ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या वाटेनं. म्हणून ज्याला उतार पडतो त्याला काही तासांत, फार तर दिवसभरात पडतो. आत्महत्येचे विचार ज्याला घेरतात त्याच्यासाठी हे तास मोलाचे. (असे विचार घरात कुणाला येत असतील तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर कोणत्याही वेळी बोलता येतं.) पण एका डोसाचा उतार काही दिवसांत विरतो. म्हणून काही आठवडे पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, आणि पुढेही उपचार चालू ठेवावे लागतात.

त्याच केटामाईनचा एक भाग, एसकेटामाईन, नाकातल्या स्प्रेनं देतात. त्याला अमेरिकेत 2019 साली नैराश्यासाठी मान्यता मिळाली. सलाईनमधल्या केटामाईनला तिथं तशी मान्यता नाही. डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर देतात. नशेसाठी गैरवापर होतो म्हणून आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत, आहे. वारंवार घेतलं तर मूत्राशयाला इजा होऊ शकते. घरी देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

"मग सलाईनच बरं की, सौम्य आहे," आत्या म्हणाली. इथं मला तिला अडवावं लागलं. सौम्य आणि जहाल असा हा हिशेब नाही, आजाराचं रूप काय आहे ते बघावं लागतं. ज्याला भास होतात, ज्याच्या मनात खोटे संशय पक्के बसलेत, त्याला केटामाईन सहसा टाळतात. त्यालाच ईसीटीचा चांगला उपयोग होतो. अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसालाही ईसीटी. अमेरिकेतल्या 2023 च्या चाचणीत, भास-भ्रम नसलेल्या रुग्णांत, केटामाईननं सुमारे 55 टक्क्यांना गुण आला, ईसीटीनं 41. स्वीडनमध्ये 2022 साली दवाखान्यात दाखल रुग्णांवर उलट घडलं: ईसीटीनं 63 टक्के लक्षणमुक्त झाले, केटामाईननं 46. मला या आकड्यांत विरोध दिसत नाही. पहिल्या चाचणीत बहुतेक घरून येणारे होते, दुसरीत दाखल करावे लागलेले.

चिंतारोगाचं मात्र सांभाळून बोलावं लागेल. नैराश्यासोबतची घालमेल केटामाईननं कमी झाल्याचं दिसतं, पण नुसत्या चिंतारोगावरचे अभ्यास लहान आहेत. त्यासाठी कुणी पॅकेज विकत असेल तर आधी दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं.

अण्णाला भास नव्हते, खाणंपिणं चालू होतं, म्हणून केटामाईन. पहिल्या दिवशी बीपी जास्त निघालं आणि आम्हाला तसंच परत पाठवलं, कारण या औषधानं ते आणखी चढतं. गोळ्यांनी बीपी आटोक्यात आल्यावर पुन्हा गेलो. दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही म्हणून सात रस्त्यावरून रिक्षानं आलो. वाटेत तो सगळं नीट सांगत होता: छत लांब गेलेलं, सिस्टरचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. मग म्हणाला, "आत्याला फोन लाव. मीच सांगतो तिला."