ताप नाही, तरी आजी आजारी आहेत

वृद्धाश्रमातून डॉक्टरांना फोन जातो : "सर, आजी सकाळपासून जेवल्या नाहीत, नुसत्या पडून आहेत. पण ताप नाही." पलीकडून उत्तर येतं, "मग राऊंडला बघतो." राऊंड आठवड्यातून एकदा. 'ताप नाही' हे दोन शब्दच इथे घात करतात.

ताप आपोआप येत नाही, शरीराला तो चढवावा लागतो. जंतूंशी भिडलेल्या पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि ते हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातला तापमानाचा काटा वर सरकवतं. काटा १०२ वर गेला की ९८ अंशांचं अंग मेंदूला गार वाटू लागतं. मग कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत कोंडतात, हातपाय थंड पडतात, हुडहुडी भरते. ही हुडहुडी म्हणजे स्नायूंची भट्टी. पंच्याऐंशीव्या वर्षी स्नायू झडलेले असतात, रक्तवाहिन्या ताठर झालेल्या असतात आणि सायटोकाइनचा निरोपही क्षीण असतो. वर गुडघ्यांसाठी दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल चालू असेल, तर ते प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाही. गंभीर संसर्ग झालेल्या २० ते ३० टक्के वृद्धांना ताप येतच नाही, किंवा नावापुरता येतो.

त्यात मूळ तापमानच कमी. ज्या आजींचं रोजचं ९६.८ आहे, त्यांचं ९९ म्हणजे दोन अंशांहून जास्त वाढ. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा वृद्धनिवासांसाठीचा निकष असा : तोंडातलं तापमान एकदा १०० फॅरनहाइटच्या वर, किंवा पुन्हापुन्हा ९९ च्या वर, किंवा मूळ तापमानापेक्षा २ अंशांहून अधिक, तर तो ताप. अर्थात मूळ आकडा आधी लिहून ठेवलेला हवा. प्रकृती बरी असताना चार-पाच दिवस, एकाच वेळी, एकाच थर्मामीटरने मोजा. चहा प्यायल्यावर वीस मिनिटं थांबा. काखेतला आकडा कमी येतो, त्यामुळे आज तोंडात, उद्या काखेत असं करू नका. कोविडनंतर फाटकापाशी उरलेल्या कपाळावर रोखायच्या बंदुकीवर तर अजिबात विसंबू नका.

कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळतं, कुणी म्हणतं "वयच झालं आता". दुसरी अंधश्रद्धा पहिलीपेक्षा कमी नाही.

तापापेक्षा श्वास खरं बोलतो. नाडी बघतोय असं भासवून मनगट धरा आणि छाती किती वेळा वर-खाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजा; पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की गफलत होते. मिनिटाला २५ किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका घ्या. ऑक्सिमीटर गार बोटावर चुकतो, आधी हात चोळून ऊब आणा. नाडी ७२ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका : रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू असेल, तर संसर्गातही ती फारशी वाढत नाही.

सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देतं, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. आश्रमात येणाऱ्या डॉक्टरची फी त्यात नाही. तोवर तपासणी होते ती फोनवरच, म्हणून फोन असा करा : "रोजचं ९६.८, आत्ता ९९.२. श्वास २८, ऑक्सिजन ९१. मेटोप्रोलॉल आणि पॅरासिटामॉल चालू. काल चालत होत्या, आज नाव विचारलं तर गोंधळतात." यावर डॉक्टर बहुधा १०८ बोलवायला सांगतील. गाडी येईपर्यंत गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून आजींच्या उशाशी ठेवा.